कंपोस्टमध्ये न कुजलेल्या टी-बॅगा

गवतीचहा

आमच्या गच्चीवर कंपोस्टची दोन पिंपं आहेत. गेल्या रविवारी त्यातलं जुनं पिंप उपसलं. सात महिने झाकून ठेवलेलं होतं. खत मनासारखं झालंय, काळंभोर, भुसभुशीत, पावसाळी मातीचा वास येणारं. चाळताना आंब्याच्या कोयी आणि नारळाच्या शेंड्या वर राहणार हे ठाऊक होतं. पण त्यांच्यासोबत चौकोनी, पिवळट पापुद्रे निघू लागले. एकेक करत मूठभर जमले. टी-बॅगा!

एक पापुद्रा नळाखाली धुऊन उजेडात धरला. कागद बराचसा खाल्ला गेला होता आणि मागे कोळिष्टकासारखी बारीक जाळी उरली होती. बोटांनी ओढली तर फाटायच्या आधी ताणली जायची. कागद ताणला जात नाही, एवढं मलाही कळतं.

सासऱ्यांना डॉक्टरांनी दुधाचा चहा बंद करायला सांगितला, तेव्हापासून दोन वर्षं घरात टी-बॅगा येतात. दिवसाला तीन कप. म्हणजे वर्षाला हजारावर टी-बॅगा उकळत्या पाण्यात बुडतात आणि ते पाणी ते पितात. तब्येतीला चांगलं म्हणून मीच आणून देते.

मग खोकं घेऊन बसले आणि सगळ्या बाजू वाचून काढल्या. मळा कुठला, पानं कशी खुडली, अँटिऑक्सिडंट्स किती, पाणी किती गरम हवं, वजन, तारीख, परवाना क्रमांक, सगळं छापलेलं आहे. बॅग कशाची आहे याबद्दल अक्षर नाही.

शोधल्यावर मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचं २०१९ चं संशोधन सापडलं. प्लॅस्टिकची एक टी-बॅग ९५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवल्यावर एका कपात सुमारे ११६० कोटी मायक्रोप्लॅस्टिकचे आणि ३१० कोटी नॅनोप्लॅस्टिकचे कण आले, असं त्यात म्हटलंय. वाचून हातपाय गार पडले. पण आमच्या बॅगा तर कागदी दिसतात. मग ही जाळी कसली? जाणकारांनी कृपया सांगावं.

बरणी

अगदी हाच अनुभव! मला वाटायचं, माझ्याच कंपोस्टमध्ये काहीतरी कमी पडतंय. वाचते आहे.

परीक्षानळी

गवतीचहा ताई, प्रश्न नेमका आहे. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची जाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची आहे. टी-बॅगचा कागद साधा नसतो. त्यात लाकडाचा लगदा असतो आणि बळकटीसाठी अबाकाचा लांब तंतू, म्हणजे केळीच्याच कुळातल्या एका झाडाचा वाख. तो मुख्यतः फिलिपिन्समधून येतो. ज्या बॅगा कडेने उष्णतेने चिकटवलेल्या असतात, त्यांच्या कागदात वितळून चिकटणारा प्लॅस्टिकचा तंतूही मिसळावा लागतो, कारण नुसता कागद कागदाला गरम करून चिकटत नाही. तुमच्या पिंपातल्या जिवाणूंनी लगदा आणि वाख खाल्ला, प्लॅस्टिक तसंच सोडलं.

मॅकगिलच्या अभ्यासातल्या बॅगा मात्र वेगळ्या होत्या. नायलॉनच्या आणि पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकच्या. आपल्याकडे महागड्या ग्रीन टीला पारदर्शक, रेशमी दिसणारी पिरॅमिडची पिशवी असते ना, त्या जातीच्या. उकळत्या पाण्यात हे प्लॅस्टिक वितळत नाही, वितळायला दोनशे अंशांच्या वर जावं लागतं. पण पीईटी साधारण सत्तरीतच मऊ पडू लागतं, नायलॉन त्याहून आधी. आपण पाणी ओततो ते नव्वदच्या पुढचं.

आता त्या आकड्याविषयी. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुढच्याच वर्षी त्याच्यावर आक्षेप घेतला होता. त्यांच्या मते मोजलेल्यांपैकी बरेचसे खरे प्लॅस्टिकचे कण नसावेत. प्लॅस्टिकमधून पाण्यात उतरलेले ऑलिगोमर, म्हणजे त्याच रसायनाच्या तोकड्या साखळ्या, नमुना सुकवताना कणांसारख्या जमल्या असाव्यात. म्हणजे कणांची संख्या वादाची आहे. पण प्लॅस्टिकमधून काहीतरी पाण्यात उतरतं, हे आक्षेप घेणारेही मान्य करतात.

त्यानंतर २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठाने तीन प्रकारच्या बॅगा तपासल्या. पॉलिप्रॉपिलीनच्या बॅगेतून एका मिलिलिटरला सुमारे १२० कोटी कण, सेल्युलोजच्या बॅगेतून साडेतेरा कोटी आणि नायलॉनच्या बॅगेतून ८० लाखांच्या वर. प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींपैकी श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींनी हे कण सर्वाधिक आत घेतले. त्याचा शरीरावर परिणाम काय होतो, याचं उत्तर त्या अभ्यासात नाही. पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लॅस्टिकवर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अहवाल आहे, त्यातही पुरावा अपुरा आहे, आणखी संशोधन हवं, असंच म्हटलंय. म्हणून सासऱ्यांना घाबरवू नका. पण बॅग बदला.

आल्याचा_तुकडा

बॅग कशाची आहे हे घरी कसं ओळखायचं? खोक्यावर लिहीतच नाहीत, तर आम्ही काय करावं?

परीक्षानळी

बॅग कापून चहा काढून टाका, पिशवी धुऊन पूर्ण वाळवा. चिमट्यात धरून, सिंकवर, खिडकी उघडी ठेवून तिचं टोक पेटवा. शुद्ध कागद कागदासारखा जळतो, मऊ राख होते आणि ती बोटात चुरते. नायलॉन किंवा पीईटी आक्रसतं, थेंब होतो आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. गवतीचहा ताईंसारखी कागद-प्लॅस्टिकची मिश्र बॅग असेल तर राखेत बारीक कडक कण लागतात. मात्र पीएलए हे मक्यापासून केलेलं प्लॅस्टिकसुद्धा मणीच देतं, त्यामुळे नायलॉन आणि पीएलए यातला फरक या रीतीने कळणार नाही.

दुसरी, सोपी खूण म्हणजे कड पाहा. कडेला दाबलेली चपटी पट्टी असेल तर बॅग उष्णतेने चिकटवलेली आहे. नुसती घडी घालून वर दोऱ्याची गाठ मारलेली असेल, तर तिला चिकटवणाऱ्या प्लॅस्टिकची गरज नसते. जर्मनीत १९४९ मध्ये दोन कप्प्यांची बॅग करणारं यंत्र निघालं, तिची मूळ रचना अशीच घडीची होती.

सांगलीकर

पूर्वी स्टेपलरची पिन असायची. ती कुठे गेली?

परीक्षानळी

एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१७ मध्ये पिन बंद करायचा आदेश काढला. पिन सुटून पोटात गेली तर धोका, हे कारण. आदेश योग्यच होता. पण पिन गेल्यावर पिशवी मिटायची कशी, गाठीने की प्लॅस्टिकने, हे ग्राहकाला सांगायचं राहून गेलं.

लीड्सवासी

इथे इंग्लंडमध्ये हा विषय बागकाम करणाऱ्यांनीच लावून धरला होता. सगळ्यांची तक्रार तुमच्यासारखीच, कंपोस्टमध्ये सांगाडे राहतात. लोक कंपन्यांना पत्रं लिहीत राहिले. २०१८ मध्ये पीजी टिप्ससारख्या मोठ्या ब्रँडने पॉलिप्रॉपिलीन सोडून पीएलएकडे जायला सुरुवात केली. पण पीएलए घरच्या पिंपात कुजत नाही, त्याला कारखान्यातलं ५५-६० अंशांचं कंपोस्ट लागतं. खोक्यावर 'वनस्पतीजन्य' लिहिलंय म्हणून मी वर्षभर बागेत टाकत होते, नंतर कळलं. आता सुटी पत्ती आणि स्टीलचं गाळणं वापरते.

आजोबा_७२

आम्ही टोपात पाणी, आलं, गवती चहा, पत्ती घालून उकळतो, गाळतो, पितो. सुट्या पत्तीला हा त्रास नाही, हे बरं. सुनेने टी-बॅगा आणल्या तेव्हा मी त्याच टोपात टाकून पाच मिनिटं उकळायचो. ते चुकीचं होतं का?

परीक्षानळी

काका, बॅग टोपात उकळू नका. जितकं जास्त तापमान आणि जितका जास्त वेळ, तितकं जास्त उतरतं. तुमची मूळ पद्धतच बरी.

कागदाबद्दलही एक सांगायला हवं. टी-बॅगचा कागद ओला होऊन फुटू नये म्हणून त्यावर राळेची प्रक्रिया करतात. नेहमीची राळ एपिक्लोरोहायड्रिन या रसायनापासून बनते. तिच्यात ३-एमसीपीडी आणि १,३-डीसीपी ही दोन रसायनं अवशेष म्हणून राहू शकतात. दोन्ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या '२बी' म्हणजे 'कर्करोगाची शक्यता' या गटात आहेत. जर्मनीने गरम पाण्यात वापरायच्या गाळणकागदासाठी मर्यादा सुचवली आहे. कागदाच्या पाण्यातल्या अर्कात ३-एमसीपीडी लिटरमागे १२ मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि १,३-डीसीपी तर २ मायक्रोग्रॅमच्या पातळीवर सापडताच कामा नये. आपल्याकडे २०१८ चे पॅकेजिंग नियम आहेत, त्यात प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांची मिळून किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती वजनाची मर्यादा आहे. नॅनोकण अब्जावधी असले तरी त्यांचं वजन नगण्य भरतं, त्यामुळे ते या मोजपट्टीत येतच नाहीत.

द्राक्षबाग

धागा पिशवीवर चाललाय, पण पिशवीच्या आतल्या पत्तीवर कोणी बोलेना म्हणून लिहितो. आजोबा, सुट्या पत्तीलाही त्रास आहे, वेगळा आहे. मी नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार. आम्हाला 'रेसिड्यू', म्हणजे मालावर उरलेला औषधाचा अंश, हा शब्द पोरं शाळेत शिकायच्या आधी येतो.

२०१० साली आमची द्राक्षं युरोपात अडकली होती. क्लोरमेक्वाट क्लोराइड निघालं, वाढ रोखणारं औषध. तोपर्यंत कोणी ते तपासतच नव्हतं. कंटेनर पडून राहिले, त्या हंगामात घराघरांत चूल थंड होती म्हटलं तरी चालेल. त्यानंतर सगळे शहाणे झाले. आज निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, कुठलं औषध कधी मारलं याची वही असते, काढणीआधी नमुना जातो आणि रिपोर्ट आल्याशिवाय माल हलत नाही. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे.

द्राक्षाला शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायला वेळ मिळतो. चहाचं तसं नाही. हंगामात दर सात-आठ दिवसांनी खुडणी. आज लाल कोळी किंवा टी मॉस्किटो बग अशी कीड दिसली, औषध मारलं, की पुढच्या आठवड्यात तीच कोवळी पानं टोपलीत. आणि द्राक्षं आपण धुऊन खातो. चहाचं पान खुडल्यावर सुकवतात, चुरतात, आंबवतात, भट्टीत वाळवतात. मधे कुठेही धूत नाहीत. त्या पानाला पहिलं पाणी लागतं ते आपल्या कपात.

गवतीचहा

द्राक्षबाग दादा, हे वाचून मी हातातला कप खाली ठेवला. चहा धुतला जात नाही, हे इतकी वर्षं डोक्यातच आलं नव्हतं.

डोंगरवाट

नोकरीनिमित्त सिलिगुडीला चार वर्षं होते. दादांचं म्हणणं खरं आहे, त्यात थोडी भर घालते.

देशातला निम्म्याहून जास्त चहा आता छोट्या उत्पादकांकडून येतो. एक-दोन एकरांचे मळे. पानं विकायची 'बॉट लीफ' कारखान्याला. औषध कुठलं मारायचं हे बऱ्याचदा दुकानदार सांगतो. टी बोर्डाने २०१४ मध्ये 'प्लांट प्रोटेक्शन कोड' काढला, कुठली औषधं चालतील त्याची यादी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचा अहवाल आला. बाजारातले ४९ पॅकबंद नमुने तपासले, त्यांपैकी ४६ मध्ये किमान एक कीटकनाशक सापडलं, सगळी मिळून ३४ प्रकारची. २९ नमुने युरोपच्या मर्यादेच्या वर होते. शेतीत १९८९ पासून बंदी असलेलं डीडीटी सुमारे ६७ टक्के नमुन्यांत होतं. टी बोर्डाचं उत्तर होतं की हे नमुने भारतीय कायद्यात बसतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या, कारण मोजपट्ट्याच निराळ्या. ज्या औषधाची मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोप किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही.

नंतर गोष्टी हलल्या. २०२३ मध्ये एफएसएसएआयने चहातल्या पाच कीटकनाशकांच्या कमाल मर्यादा ठरवल्या, टी बोर्डाने २० कीटकनाशकांवर बंदी घातली. तपासणीत कारखाने अडकू लागले, तेव्हा २०२४ मध्ये आसाम आणि उत्तर बंगालमधल्या बॉट लीफ कारखान्यांनी जाहीर केलं की १ जूनपासून तपासल्याशिवाय पानं घेणार नाही. माझ्या ओळखीतल्या एका घराने तेव्हा तीन दिवसांची खुडलेली पानं नाल्यात ओतली. त्यांच्या हातात कुणी कधी तपासणीचा कागद दिला नव्हता. चहा विषारी म्हणून ओरडताना ते घर माझ्या डोळ्यांसमोर येतं.

आल्याचा_तुकडा

मग पहिलं पाणी ओतून द्यायचं का? व्हॉट्सॅपवर तसं फिरतंय.

परीक्षानळी

अर्धंच खरं आहे. पाण्यात सहज विरघळणारी औषधं, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस किंवा इमिडाक्लोप्रिडच्या कुळातली, चहात पटकन उतरतात. पहिल्या पाण्यासोबत त्यांचा काही भाग जाईल, सोबत चवही जाईल. डीडीटीसारखी पाण्यात न विरघळणारी रसायनं चोथ्यालाच चिकटून राहतात, कपात फार कमी येतात. म्हणजे पत्तीच्या तपासणीत मोठा दिसणारा आकडा कपात लहान असू शकतो, आणि पत्तीत लहान दिसणारा जवळजवळ जसाच्या तसा कपात येऊ शकतो. माचा किंवा पूड करून अख्खं पानच पोटात घेणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावं, तिथे चोथा मागे राहतच नाही.

घरी करता येण्याजोग्या दोन तपासण्या एफएसएसएआयनेच सुचवल्या आहेत. पत्तीवरून लोहचुंबक फिरवा, लोखंडाचा कीस असेल तर चिकटतो. आणि गाळणकागदावर पत्ती पसरून पाणी शिंपडा, पत्ती काढून कागद धुवा आणि उजेडात बघा. रंग मिसळलेला असेल तर डाग दिसतात. कीटकनाशकं यातलं काहीच दाखवणार नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

सांगलीकर

सामान्य माणसाला प्रयोगशाळेत जाता येतं का? की फक्त अधिकाऱ्यांनीच नमुना घ्यायचा?

परीक्षानळी

येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६, कलम ४०. कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. नमुना नियमात बसला नाही तर भरलेली फी परत मिळते. आणि नुसती तक्रार करायची असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे. पुडा, बिल आणि बॅच क्रमांक जपून ठेवा, बॅच क्रमांकाशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

बरणी

हे कलम लिहून फ्रिजवर लावते. आमच्या सोसायटीतल्या आठ-दहा जणी मिळून फी वाटून घेऊ शकतो.

द्राक्षबाग

तसं करा. आणि चांगला रिपोर्ट आला तर तोही सगळ्यांना दाखवा. आम्ही वही ठेवून, औषध कमी मारून माल काढतो आणि देशातल्या बाजारात तो बिनवहीच्या मालाशेजारी त्याच भावाने जातो, तेव्हा जीव तुटतो. चहावाल्या छोट्या शेतकऱ्याचंही तेच असणार. नाशिकला शेतकरी बदलला कारण पलीकडचा गिऱ्हाईक रिपोर्ट मागत होता.

गवतीचहा

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे.

सासऱ्यांसाठी आता सुटी ग्रीन टी आणि कपावर बसणारी स्टीलची गाळणी. पहिले चार दिवस त्यांनी कुरकुर केली, पान उलगडताना दिसतं म्हणून आता स्वतःच करून घेतात. उरलेल्या बॅगांतली एक परीक्षानळी काकांनी सांगितल्याप्रमाणे जाळून बघितली. राख झाली, पण कडेच्या पट्टीपाशी मोहरीच्या दाण्याएवढे तीन कडक मणी उरले. ते काचेच्या बाटलीत ठेवलेत.

कंपनीला दोन प्रश्न मेलवर विचारले होते. बॅग कशाची आहे, आणि पत्तीचा अवशेष तपासणी अहवाल मिळेल का. पहिलं उत्तर आलं की आमची सर्व उत्पादनं लागू नियमांनुसार आहेत. मी बॅच क्रमांक आणि मण्यांचा फोटो जोडून पुन्हा पाठवलं. काल दुसरं उत्तर आलं. बॅग 'अन्नयोग्य, उष्णतेने चिकटणाऱ्या गाळणकागदाची' आहे म्हणे. अहवालाबद्दल काहीच नाही.

आज तिसरी मेल पाठवली. उष्णतेने चिकटणारा तंतू नेमका कोणता, आणि तो खोक्यावर का लिहीत नाही, एवढंच विचारलंय. उत्तर आलं की इथे देते. बरणी, तुमच्या गटात माझंही नाव धरा, फीचा माझा वाटा देईन. आणि दुकानदाराला आधी सांगायचं आहे, ते विसरू नका.